सहावा चेंडू

मास्तर आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे, शनिवार-रविवारी एका क्लबकडून पगारी क्रिकेट खेळायचे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना नुसता वैताग आणला होता. शिक्षकांच्या खोलीत "या, खेळाडू!" आणि ड्रेसिंग रूममध्ये "मास्तर, जरा एवढा अर्ज लिहून द्या ना!" बायको म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या. पण चाळिशी उलटल्यावरही चेंडू हातातून सुटताना जो आनंद व्हायचा, तो मास्तरांना फळ्यापुढे कधी झाला नव्हता.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी कप्तानानं बजावलं, "आज जिंकलो तर पुढच्या वर्षी तुम्ही संघात आहात. हरलो तर कमिटीपुढे माझं काही चालणार नाही."

शेवटची ओव्हर मास्तरांकडेच आली. समोरच्यांना पाच धावा हव्या होत्या. पाच चेंडूंत मास्तरांनी तीनच दिल्या. म्हातारे अंपायर खिशात खडे ठेवून चेंडू मोजायचे. त्यातला एक कुठेतरी गळाला असावा, कारण पाचव्या चेंडूनंतर त्यांनी "ओव्हर!" म्हणत बेल्स उचलल्या. फलंदाजानं मान खाली घातली. धावा लिहिणारा पेन्सिलीला टोक करत बसला होता. कप्तान तर नाचायलाच लागला.

मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण वीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासणारी जीभ ती!

"अंपायरसाहेब, पाचच झाले. एक राहिला."

कप्तानानं कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

सहावा चेंडू मास्तरांनी जीव ओतून टाकला. चेंडू चांगला पडला, पण फलंदाजानं तो त्याहून चांगला मारला. चौकार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि "जित्याची खोड," एवढंच म्हणाली. मास्तर स्वतःवर चिडले, अंपायरवर चिडले, त्या हरवलेल्या खड्यावरही चिडले. मग सवयीनं खेळायचे बूट पुसायला घेतले आणि अर्ध्यावरच खाली ठेवले. आता ते लागणार नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून हातात कागद ठेवला. "आता शनिवार मोकळेच ना तुमचे? गणितात कच्च्या मुलांचे जादा तास घ्या. पाच तुकड्या आहेत."

मास्तरांनी यादी पाहिली. तुकड्यांची नावं मोजली. पुन्हा मोजली. सहा होती. ओठ घट्ट आवळून ते दारापर्यंत गेले. नुसतं बाहेर पडायचं होतं. सहाव्या तुकडीला कुणी ना कुणी भेटलंच असतं.

"सर," मास्तर मागे वळून म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्याच आवाजाचा भयंकर संताप आला. "एक राहिली."