कुशीवर टांगलेला आशिया

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. आशिया खंडाचा, पाठीला कापड लावलेला आणि दोन्ही टोकांना लाकडी दांड्या असलेला. छापखान्यातून निघालो तेव्हा माझे समुद्र इतके निळे होते, की गुंडाळी करणाऱ्या कामगाराने रंग ओला आहे का ते बोट लावून पाहिलं होतं. आता ते निळेपण पातळ ताकासारखं झालंय. पण रडायला मी बसलेलो नाही. माझी गोष्ट आनंदाची आहे आणि ती एका चुकीपासून सुरू होते.

होटगी जंक्शनजवळच्या एका शाळेने मला विकत घेतलं. त्याच दिवशी तपासणीला साहेब येणार होते आणि सगळे नकाशे भिंतीवर दिसले पाहिजेत, असा गुरुजींचा हुकूम होता. वर्गात दार आणि खिडकी यांच्यामध्ये एकच जागा उरली होती, तीही अरुंद. मी पडलो रुंद. शाळेचा शिपाई गुंडा याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि मला सरळ कुशीवर केलं. दांड्यांच्या टोकांना सुतळी बांधून त्याने मला खिळ्याला लटकावलं. मधे थोडा झोळ पडला.

गुरुजी ओरडले, “अरे गुंडा, काय केलंस हे?”

“गुरुजी, देश समदे हायत न्हवं आत? एक बी भाईर पडला न्हाय. मग झालं की!”

साहेबांनी मान वर न करताच सही केली. आणि मी तसाच राहिलो, पूर्व वर, पश्चिम खाली, कितीतरी वर्षं.

माझ्या बरोबर खाली, पहिल्या बाकावर, सिद्धेश्वरी नावाची मुलगी बसायची. तिचे वडील प्रभुलिंगअप्पा रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडीला योग्य रुळावर घालायचं त्यांचं काम. ती चौथीत होती. एक दिवस तिने बोट वर केलं आणि म्हणाली, “गुरुजी, चीनच्या अंगणाम्होरं काट्या कुणी वडल्यात?”

गुरुजींनी वळून पाहिलं. मित्रांनो, तुम्हीही एखादा आशिया कुशीवर करून पाहा. चीन खाली येतो, समोर समुद्र पसरतो आणि त्या समुद्राच्या तोंडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बेटांची रांग दिसते. शेतात ढोरं शिरू नयेत म्हणून वाटेवर काटेरी फांद्या ओढून ठेवाव्यात, अगदी तशी.

“अगं, काट्या नव्हेत त्या! डावीकडे जपान, हे मधलं तैवान आणि उजवीकडे ही फिलिपाइन्सची बेटं.”

“मग चीनच्या जहाजाला भाईर जायचं तर?”

“यांच्या मधूनच जायचं.”

“आन् ह्या बेटावरच्या मानसांस्नी चीनचं भ्या वाटत न्हाय व्हय? इवडुशी बेटं ती!”

गुरुजींनी चष्मा पुसला. “ते पुढच्या वर्गात,” म्हणाले. पण पुढच्या कुठल्याच वर्गात तो धडा नव्हता. तो तिचा तिलाच शोधावा लागला.

पुढे शाळेत चकचकीत नवे नकाशे आले आणि मला मोडक्या बाकांबरोबर खोलीत टाकलं. माझी एक कड फाटली होती. सिद्धेश्वरी सातवी पास झाली त्या दिवशी गुंडाने गुरुजींना विचारून मला उचललं आणि तिच्या दारात नेऊन दिलं. “घे बाय, तुजा चीन!” तिच्या आईने, बसम्माअव्वाने, जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी कापून माझ्या फाटक्या कडेला शिवली. लाल-हिरवी पट्टी होती ती. असा काठ कुठल्या नकाशाला मिळतो, सांगा बरं?

रेल्वेच्या त्या दोन खोल्यांत माझे दिवस मजेत गेले, कारण प्रभुलिंगअप्पा शिवकीर्तन करायचे. ड्युटी संपवून आले, की हातपाय धुवायचे, कपाळाला विभूती लावायचे आणि माझ्यासमोर उभे राहून तालीम करायचे. त्यांच्या कीर्तनाची एक रीत होती. देव मानणाऱ्यांची बाजू सांगायच्या आधी ते न मानणाऱ्याची बाजू मांडत. आणि अशी मांडत, की अव्वा चुलीपुढून म्हणायची, “आवो, हळू! शेजारी म्हनतील, अप्पानं देव सोडला!”

एकदा छोट्या सिद्धेश्वरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “अप्पा, तुमी त्याच्याकडनं झालात?”

अप्पा खळखळून हसले. “न्हाय गं माजे आई. पन त्याचं म्हननं त्याच्यापरास चांगलं मला सांगता आलं, तरच त्यो माजं ऐकंल की! त्याच्या गल्लीतनं गेल्याबिगर त्याच्या दारापत्तुर पोचनार कसं?”

मी भिंतीवरून ऐकत होतो. तीही ऐकत होती. पुढे मोठमोठ्या ग्रंथालयांत ती जे शिकली, त्याचा पाया त्या संध्याकाळी घातला गेला, असं मला वाटतं.

बी.ए. सोलापुरात झालं आणि ती दिल्लीला निघाली. मला कसं न्यायचं? अप्पांनी पाइपलाइनचा एक पांढरा तुकडा आणला, मला त्यात सारलं आणि दोन्हीकडून झाकणं घट्ट बसवली. त्या पाइपातून मी दिल्ली पाहिली. पुढे विमानातही बसलो. विमानतळावरच्या जवानाने विचारलं, “यात काय आहे?” ती म्हणाली, “आशिया.” त्याने झाकण उघडून खात्री करून घेतली!

दिल्लीत तिच्या मार्गदर्शक सरांनी मला तिच्या खोलीत कुशीवर पाहिलं आणि म्हणाले, “नकाशा सरळ कर.”

“सर, बीजिंगमध्ये खुर्ची टाकून समुद्राकडे बघणाऱ्याला हा सरळच आहे.”

सरांनी खुर्ची ओढली. मग त्यांनी चहा मागवला आणि दोन तास उठले नाहीत. चीनचं परराष्ट्र धोरण आणि पूर्व आशियाची सुरक्षा, हा तिचा विषय त्या दिवशी ठरला.

मग सुरू झाली खरी मेहनत. ती चिनी लिपी शिकली. रोज वीस अक्षरं गिरवायची, सकाळी त्यातली बारा विसरलेली असायची. एक वर्ष तैवानात, तैपेईला राहिली. जुनी भाषणं, करारांचे मसुदे, किनारा राखणाऱ्या जहाजांच्या बातम्या वाचून वाचून तिचा चष्मा जाड झाला. तिच्या प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या राजधानीत बसल्यासारखं लिहिलेलं होतं. जपानचं लिहिताना ती माझ्या वरच्या अंगाला डोळे लावायची आणि म्हणायची, “आता मी बेटावरची कोळीण. सकाळी जाळं टाकायला निघाले तर समोर परक्यांचं भलंमोठं जहाज.” कोरियाचं लिहिताना दोन मोठ्या घरांमधल्या चिंचोळ्या बोळात राहत असल्यासारखी अंग चोरून बसायची. मला हसू यायचं. पण त्याच प्रबंधाने तिला डॉक्टरेट मिळवून दिली आणि तपासणारे परीक्षक उठून उभे राहिले, हेही मी पाहिलं.

सगळे म्हणाले, दिल्लीतच राहा. ती सोलापूरला आली. एका महाविद्यालयात राज्यशास्त्राची प्राध्यापक झाली. माझं मात्र काम संपलं. वर्गात प्रोजेक्टर होता, बटण दाबलं की भिंतीवर झगझगीत पूर्व आशिया. मी कपाटावर गेलो. माझ्या शेजारी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते आणि पाइपाच्या झाकणावर पालीने अंडी घातली. दोन वर्षं! कीर्तनसुद्धा कानावर नाही. तेवढंच फार जाणवलं हो.

मग तिच्यावर कठीण प्रसंग आला. तिने पूर्व आशियावर एक प्रमाणपत्र वर्ग काढायचं ठरवलं होतं, कुणीही, कुठल्याही वयात बसावं असा. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, सोमवारपर्यंत वीस नावं आणा. नाहीतर हा विषय मिटला.” यादीत नावं होती सहा. आणि तिच्या पर्समध्ये दिल्लीच्या एका संस्थेचं पत्र होतं, या म्हणून. वर्ग निघाला नाही तर ती जाणार होती. मला ते ठाऊक होतं, कारण कपाटापाशी उभी राहूनच ती अव्वाला फोनवर सांगत होती, “बघते गं रविवारचं व्याख्यान झाल्यावर. कुणी आलंच नाही, तर इथे राहून कुणाला शिकवू?”

पुढचं मला मागाहून कळलं. शेवटचा उपाय म्हणून तिने अप्पांना सांगितलं, “रविवारी सकाळी दहाला बोलणार आहे, होटगीत चार लोकांना कळवा.”

अप्पा आता निवृत्त झाले होते. त्यांच्या हिशेबी एक माणूस उभा राहून दोन तास बोलतो आणि बाकीचे खाली बसून ऐकतात, त्याला एकच नाव आहे. त्यांनी देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘रविवारी सोलापुरात सौ. बसम्मा व प्रभुलिंग यांच्या कन्येचे शिवकीर्तन. विषय: चीन देशाचे परराष्ट्र धोरण. टाळकऱ्यांनी वेळेवर यावे.’

आणि टाळकरी वेळेवर आले!

दोन टेम्पो भरून माणसं उतरली. बायकांच्या हातात हार, नारळ, विभूतीचे डबे. प्राचार्य दारातच थबकले. “मॅडम, हे काय आहे?” मॅडमना तरी कुठे माहीत होतं! मागच्या बाकांवरची कॉलेजची मुलं मोबाइल काढून हसायला लागली. तोवर अप्पांसकट बारा टाळकरी मंचावर चढले आणि तिच्या मागे दोन रांगा करून उभे राहिले. बरोबर पडद्यासमोर. प्रोजेक्टर लागला, तसा दक्षिण चीन समुद्र अप्पांच्या फेट्यावर पडला आणि तैवान एकाच्या पोटावर.

“अप्पा, जरा बाजूला होता का?”

“आगं, कीर्तनकाराच्या मागनं टाळकरी काडलं तर बरं दिसंल का? लोक काय म्हनतील!”

तिने प्रोजेक्टर बंद केला. मग हसली आणि आरोही नावाच्या विद्यार्थिनीला म्हणाली, “कपाटावरचा पांढरा पाइप आण.”

माझं झाकण निघालं. उजेड आला! दोन टाळकऱ्यांनी एकेक दांडी धरली आणि मी कुशीवर उभा राहिलो, सगळ्या सभेसमोर.

काय बोलली ती! चीनच्या अंगणात उभं राहून समोरची बेटं दाखवली. “बघा, या बेटांपलीकडे अमेरिकेची जहाजं. आता सांगा, घरमालक रात्री निवांत झोपेल?” चीनचं म्हणणं तिने असं मांडलं, की माणसं माना डोलवू लागली. अप्पांनी सवयीने टाळ वाजवला, मागे बाकीच्यांनी ताल धरला. कॉलेजच्या मुलांनी टाळ्या धरल्या.

तेवढ्यात मधूनच एक ताठ म्हातारा उठला. माढ्याचे जालिंदरकाका, निवृत्त सुभेदार. चेहरा लाल झालेला.

“थांबा बाई! मी बर्फात चौदा वर्षं काढली त्या चीनच्या हद्दीवर. माझ्या हाताची दोन बोटं तिथं गेली. आन् तुम्ही आम्हालाच त्यांची बाजू सांगता?”

टाळ थांबले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मागचा एक मुलगा दाराकडे सरकला. अप्पांच्या हातातला टाळ तसाच अधांतरी राहिला, आणि माझी दांडी धरणारा एक पाऊल मागे सरला, त्यामुळे माझा सगळा समुद्र हलला.

ती मंचावरून खाली उतरली. त्यांच्यापुढे वाकून म्हणाली, “काका, चौकीवर दुर्बीण असायची ना?”

“असायची. माझ्याच गळ्यात असायची.”

“कुणाकडे लावायचा?”

“त्यांच्याचकडं की! आपल्याकडं लावून काय बघायचंय?”

“रोज?”

“चोवीस तास! किती जण हायत, कवा जेवत्यात, कुठल्या बाजूला बघत्यात, समदं!”

“मग दुर्बीण लावून लावून त्यांच्यावर प्रेम बसलं का हो काका?”

सभागृहात हशा पिकला. जालिंदरकाकांनी मिशी दाबून धरली, पण हसू काही दबलं नाही. “आवो बाई, पिरेम कसलं! न बघता झोपलो असतो तर घरी आलो नसतो.”

“मीसुद्धा तेवढंच करते. माझी चौकी इथे आहे.” तिने माझ्याकडे हात केला. “आता चला, बेटावरच्या कोळणीच्या घरी जाऊ. तिचंही ऐकायचंय. तैवानात दोन कोटींवर माणसं राहतात, त्यांचं ऐकायचंय. आणि मग खाली उजव्या कोपऱ्यात येऊ, आपल्या घरी.”

“चला!” म्हणाले जालिंदरकाका, आणि मागे न बसता पुढे येऊन जमिनीवर बसले. तेव्हा अप्पांनी जो टाळ वाजवला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

शेवटी शिवबाई नावाच्या आजी हार घेऊन आल्या. आधी सिद्धेश्वरीला घातला, मग मलाही घातला, आणि माझ्या प्रशांत महासागरावर विभूतीची तीन बोटं ओढली. आशियाच्या नकाशाला हार पडलेला तुम्ही पाहिलाय का कधी?

नावनोंदणीच्या टेबलाशी झुंबड उडाली. पहिलं नाव जालिंदरकाकांचं. “वय लिहू का नको?” “लिहा की, एकाहत्तर!” मग आरोहीच्या सगळ्या मैत्रिणी आल्या, मग चार टाळकरी आले. दाराकडे सरकलेला मुलगाही परत आला. प्राचार्यांनी यादी हातात घेतली, एकतीस नावं वाचली आणि म्हणाले, “मॅडम, बाकं कमी पडणार.” तिने पर्समधलं पत्र काढलं आणि त्याच्याच मागे दिल्लीला उत्तराचा मसुदा लिहायला घेतला. पहिला शब्द होता, क्षमस्व.

मित्रांनो, आता माझा वर्ग भरतो. बाकं खरोखरच कमी पडली, म्हणून ती मला जमिनीवर सतरंजीवर पसरते आणि सगळे भोवती गोल बसतात. कुणाला जपान जवळ, कुणाला भारत, आणि जालिंदरकाका मुद्दाम चीनच्या अंगाला बसतात. म्हणतात, “आज मी त्यांच्या चौकीवर.” दर आठवड्याला जागा बदलायची, असा नियम आहे. भांडणं होतात, हशा होतो, आणि मला धड वर-खाली असं काही उरलेलंच नाही.

तुमच्या शाळेतही एखाद्या अंधाऱ्या खोलीत माझे भाऊबंद गुंडाळून पडले असतील. त्यांना उघडा. हळू उघडा, कड फाटते. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. मग भोवती बसा, आणि समोर बसलेल्याला काय दिसतंय ते आधी त्यालाच विचारा. फक्त एक विनवणी आहे, चहाचा कप अंगावर ठेवू नका. कालच जालिंदरकाकांनी पिवळा समुद्र तपकिरी केला आणि वर म्हणाले, “राहू द्या, बाई, सरहद्द काय हलली न्हाय!”