खोक्यातला टुन्न ढेकूण

आमच्या जपानातल्या योशिनोच्या डोंगरातली पर्सिमनची फळं मुलखाची तुरट. तोडली की त्यांची देठाकडची टोपी कडक शोचू दारूत बुडवायची आणि फळं पिशवीत गच्च बांधून ठेवायची. तुरटपणा जातो, टोपीखाली दडलेली कीड, पिठ्या ढेकूण, तीही मरते.

माझी थोरली जाऊ त्सुनेयो. नवरा गेल्यावर यंदा पहिल्यांदाच खोक्यांवर तिचं नाव छापलं होतं. पहिलंच खोकं परत आलं, आत जिवंत ढेकूण निघाला म्हणून. फळं तपासायच्या शेडमधला तपासनीस ओकुमुरा म्हणाला, "आजी, आणखी एक जिवंत सापडला की खोक्यावरचं नाव काढणार."

बाई घाबरली, पण शोचू विकत आणायला हात काही सुटेना. फळीवर प्लमच्या गोड दारूची बरणी होती, घरोघरी असते तशी. तीच तिनं खाली काढली.

"जाऊबाई, त्यात साखर आहे. ढेकूण मरायचे नाहीत, मुक्कामाला राहतील."

"दारू ती दारू. तुला बरणी रिकामी होतेय याचं दुःख!"

तेही होतंच.

आठवड्यानं पिशवी उघडली. तुरटपणा गेलेला. ढेकूण टोप्या सोडून तळाला उताणे पडलेले, एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून. त्यातल्या दोघांचं भांडण चाललं होतं, शपथेवर सांगते. आम्ही ते झटकले, फळं पुसली, खोकं भरलं.

शेडमध्ये ओकुमुरानं चिमट्यानं एक टोपी उचलली. खाली ढेकूण.

"जिवंत आहे."

"कशावरून?" त्सुनेयोचा आवाज चिरकला. "टोचून बघा की!"

त्यानं टोचलं. ढेकूण ढिम्म.

"बघा, मेलाय!"

"झोपलाही असेल, आजी." त्यानं भिंग काढलं, खुर्ची ओढली. "थांबू या. हलला तर खोकं परत आणि नाव बंद."

बसलो. चहा झाला. ढेकणाचा एक पाय हलल्यासारखा वाटला.

"वाऱ्यानं," जाऊ म्हणाली. दारं-खिडक्या बंद होत्या.

तो भिंग पुसायला वळला, तेवढ्यात दुसरा पायही उठला. जाऊ पांढरीफटक पडली. बरणीतलं उरलंसुरलं सकाळीच माझ्या पोटात गेलं होतं. मी वाकले, तोंड अगदी जवळ नेलं आणि सावकाश एक लांब श्वास सोडला.

दोन्ही पाय खाली आले.

ओकुमुरानं पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, 'मृत' लिहिलं आणि शिक्का मारला. त्सुनेयोनं खोकं उचलून गाडीत ठेवलं, नावाची बाजू बाहेर करून.