विनाकारण सुट्टी

नाटककाराला कारण हवं होतं. पात्र खोलीतून बाहेर का पडतं हे ठाऊक असल्याशिवाय त्याने आयुष्यात एकही प्रवेश लिहिला नव्हता. आणि इथे मावशी भांडी पुसता पुसता सरळ म्हणाल्या होत्या, "दादा, या रविवारी मला सुट्टी हवी."

"काही कार्यक्रम आहे का?"

"नाही."

"तब्येत बरी नाही?"

"तब्येत उत्तम आहे."

"लेकीकडे काही?"

"ती मजेत आहे. कारण काही नाही हो. सुट्टी हवी, एवढंच. शनिवारी संध्याकाळी जाईन, सोमवारी सकाळी येईन."

रविवारी दुपारी चारला त्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. मावशींना हे माहीत नसायला त्या काही परग्रहावर राहत नव्हत्या. त्या याच घरात राहत होत्या, सहा वर्षांपासून, आईच्या खोलीतल्या अरुंद पलंगावर. आईचं कंबरेचं हाड मोडलं, त्यामागोमाग तिची स्मृती गेली, आणि तेव्हापासून तिला उठवणं, धुणं, भरवणं, झोपवणं सगळं मावशींच्या हातात. सहा वर्षांत त्यांनी तीनदा सुट्टी घेतली होती. बहीण गेली तेव्हा, लेक बाळंत झाली तेव्हा आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तिन्ही वेळा नाटककार मोठ्या मनाने "सावकाश या" म्हणाला होता, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन करत होता.

आता गंमत बघा. नवं नाटक होतं एका इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांवर. या बायकांना आठवड्याची सुट्टी नसते. त्या ती मागतात, मुकादम देत नाही, आणि शेवटी एके सकाळी सगळ्या मिळून यंत्रं बंद करतात. नाटककाराने त्यासाठी आठ महिने धुलाईघरात खेपा घातल्या होत्या, वाफेत उभं राहून वह्या भरल्या होत्या. माणूस खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या घरातला अन्याय त्याला रस्त्यापलीकडूनही दिसायचा. स्वतःच्या घरात मात्र तो चष्मा शोधत बसायचा.

त्याची एक जुनी सवय होती. लिहिलेला प्रत्येक प्रवेश तो आईला वाचून दाखवायचा. आई पूर्वी शाळेत शिकवायची आणि फालतू वाक्याला भुवई उंचवायची. आता तिला काही कळत नसे, पण तिला झोप लागली की प्रवेश पडला, असा त्याचा हिशोब होता. त्या वेळी मावशी तिथेच आईच्या पायांना तेल लावत बसलेल्या असत. त्यांनी धुलाईघराचं नाटक पहिल्या खर्ड्यापासून सातव्या खर्ड्यापर्यंत ऐकलं होतं. त्यांना काय वाटतं हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

"बघतो," तो मावशींना म्हणाला, आणि बहिणीला फोन लावला. बहीण दूर राहायची आणि सल्ल्याला नेहमी जवळ असायची.

"एजन्सीतून कुणीतरी बोलाव. एक दिवसाचा तर प्रश्न."

"गेल्या वेळी आईने त्या नर्सचा हात चावला होता."

"मग मावशींनाच सांग ना, सोमवारी घ्या म्हणून. त्या घरच्याच आहेत."

त्याला हे फारच पटलं. इतकं पटलं, की दिवसभर तो मावशींच्या समोर जायचं टाळत राहिला.

गुरुवारी तालमीत मुकादमाचा प्रवेश चालला होता. मुकादम झालेला नट चांगला दणदणीत ओरडत होता. दिग्दर्शिकेने त्याला थांबवलं.

"ओरडू नकोस. हा माणूस वाईट नाही, अडचणीत आहे. तिला आपुलकीने समजाव. तिच्यावाचून त्याचं कसं अडतं ते सांग. आणि 'कारण काय' हे काळजीने विचार."

नटाने तसं केलं. सूर बरोबर लागला. अगदी बरोबर, कारण तो नाटककाराचाच सूर होता. दिग्दर्शिका खूश होऊन मागे वळली, तर नाटककाराची खुर्ची रिकामी. तो बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. आपल्याला कुणी पाहिलं का, असं त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

शनिवारपर्यंत त्याचं तळ्यात-मळ्यात चाललं. सकाळी वाटायचं, सुट्टी द्यायचीच. दुपारी वाटायचं, तीन वर्षांची मेहनत, पहिला प्रयोग, आणि मी घरी बसू? शेवटी मावशी पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या परवानगी मागतच नाहीत. त्याने खिशातून रविवारचं तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. निदान आपण कुणावर लिहितो हे तरी त्यांनी बघावं.

रविवार कसा गेला विचारू नका. आईने त्याला वीजवाला ठरवलं.

"दिवे दुरुस्त करायला आलात?"

"हो," तो म्हणाला. वाद घालून उपयोग नव्हता.

"मग बसलात काय?"

वीजवाल्याच्या हातचं ती काही खाईना. सूप चादरीवर सांडलं. चादर बदलताना तिला कसं वळवायचं हे त्याला येईना, आणि दुखलं म्हणून ती ओरडली. चार वाजले. तिकडे पडदा वर गेला असेल, या विचाराने त्याला खोलीत बसवेना आणि आईला सोडून उठवेना. त्याने संहिता आणली आणि पहिला प्रवेश मोठ्याने वाचायला घेतला. आई दाराकडे बघत राहिली. "बाई कुठे गेल्या?" तिने विचारलं. मग पुन्हा विचारलं. दहाव्यांदा विचारताना ती रडू लागली, आणि तो तिच्यावर खेकसला. नंतर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून उभा राहिला.

साडेसहाला दिग्दर्शिकेचा फोन आला.

"लोक उभे राहिले! तू का नाहीस असं सगळे विचारत होते. मी सांगितलं, आजारी आईची सेवा करतोय. त्यावर वेगळ्या टाळ्या पडल्या. आणि ऐक, नाट्यगृहाने आपल्याला दोन महिने दर रविवार दिलाय. प्रत्येक प्रयोगानंतर तू प्रेक्षकांशी बोलायचंस. आता कारणं सांगायची नाहीत."

एका दिवसाच्या सेवेला टाळ्या पडल्या होत्या. त्याने फोन ठेवला आणि सांडलेलं पुसायला घेतलं.

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला मावशी आल्या. केस धुतलेले, चेहरा ताजा. त्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते थोडं खुपलं.

"काय केलंत काल?"

"झोपले. उठून चहा केला, गरम असतानाच प्यायले, आणि परत झोपले."

"नाटकाला नाही गेलात?"

"तिकीट शेजारणीला दिलं. मला सगळं पाठ आहे दादा. सुट्टीच्या दिवशी परत तेच ऐकू?" त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "आणि एक सांगायचं होतं. यापुढे दर रविवारी जाईन."

"मावशी, रविवारी दोन महिने प्रयोग आहेत माझे. बुधवारी घ्या ना."

"बुधवारी लेक कामावर असते. रविवार बरा."

"असं बघा, तुम्ही काही परक्या नाही. या घरात तुमच्यावाचून किती अडतं हे तुम्हालाही…"

इथे तो थांबला. पुढचं वाक्य त्याचंच लिहिलेलं होतं, दुसऱ्या अंकातलं, आणि मावशींना ते पाठ होतं. त्या शांतपणे वाट बघत होत्या.

"बरं," तो म्हणाला. "दर रविवारी."

कुणी किती वाजले ते सांगितल्यावर हलवावी तशी मावशींनी मान हलवली, आणि त्या आत गेल्या. तो तिथेच उभा राहिला. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला मावशींचा राग आला होता, आईचा राग आला होता, आणि सहा दिवसांनी पुन्हा रविवार येणार या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आतून चमच्याचा आवाज आला. आई खात होती, मुकाट्याने, एकेक घास. तो दारात जाऊन बघू लागला.

"मावशी," तो म्हणाला, "मला दाखवाल का? माझ्या हातचं ती काही खात नाही."

मावशींनी वाटी त्याच्या हातात दिली. तो आईवर वाकला. आईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"उभ्या माणसाच्या हातचं ती खात नाही. बसा."

तो खुर्ची ओढून बसला आणि चमचा पुढे केला. आईने तोंड फिरवलं.

"अजून खाली," मावशी म्हणाल्या.