सत्तरच्या पुढची थरथर

त्या लाल टू-सीटर गाडीला एकच खोड होती. सत्तरपर्यंत ती गुणी बाळासारखी पळायची आणि सत्तर ओलांडले की तिच्या पोटात थरथर सुटायची. गाडी मालकाच्याच वयाची होती आणि मालकापेक्षा बरीच देखणी. मालक दातांचे डॉक्टर, म्हणून वर्कशॉपात त्यांचं नाव दातवाले पडलं होतं. जन्मभर लोकांच्या तोंडात बोटं घालायची सवय, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातही घालायचे. स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, "जरा हळू हं, जरा जपून हं."

वर्कशॉपवाल्याला सगळे काटा म्हणत. फिरणारी कुठलीही वस्तू तो तोलून द्यायचा. पंख्याची पाती, गिरणीचं चाक, गाडीचा शाफ्ट. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब पोकळ दांडा. तो एका अंगाला चिमूटभर जड असला तरी वेगात सगळी गाडी कुरकुरते.

काट्याने शाफ्ट काढताना जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने खुणा केल्या होत्या, म्हणजे होता तसाच परत बसवता येईल. मशीनवर फिरवून हलक्या अंगाला नखाएवढा पत्रा वेल्ड केला, पुन्हा फिरवला, आणि मशीनची सुई शून्यावर येऊन ठेपली. मग खुणेला खूण जुळवून त्याने शाफ्ट बसवला आणि बोल्ट आवळले. दातवाले मोठ्या ऐटीत चक्कर मारायला गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काटेसाहेब, हलतेय अजून."

आता काट्याची पंचाईत झाली. ग्राइंडर धरून धरून त्याच्या बोटांतली जाण गेली होती. बारीक थरथर त्याला कळतच नव्हती, आणि हे त्याने बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याने जिन्याखालून वर हाक मारली.

"अगं, येतेस का जरा?"

बायको शाल गुंडाळून खाली आली. तिला सगळं कळायचं. नळाचा थेंब, शेजारच्यांच्या दाराची कडी, काही म्हणजे काही तिच्या कानांतून सुटायचं नाही, कारण ती झोपतच नव्हती. त्यांची मुलगी आजारी असताना तिने कितीतरी रात्री डोळ्यांत तेल घालून काढल्या होत्या. एका पहाटे खुर्चीतच तिचा जरासा डोळा लागला आणि तेवढ्यात मुलगी गेली. तू जागी असतीस तरी काही झालं नसतं, असं काट्याने तिला हजारदा सांगितलं. पण तिने झोपेशी वैर धरलं ते धरलंच. नुसती पाठ टेकायची आणि दिवा चालू ठेवून नवऱ्याची छाती वरखाली होते की नाही ते बघत राहायची. गोळ्या झाल्या, काढे झाले. दिवसेंदिवस ती विरत चालली होती, आणि ही अशीच एक दिवस हातातून जाणार, या भीतीने काटा आतून पोखरला होता.

दातवाल्यांना स्टुलावरच ठेवून दोघं निघाली. कालव्याकडेचा रस्ता सरळ होता, दुपार कलली होती, रहदारी जवळजवळ नव्हतीच. बायकोने दोन सीटमधल्या उंचवट्यावर तळहात ठेवला. त्याच्या खालीच शाफ्ट फिरत होता.

"आली," सत्तरला ती म्हणाली.

"कुठून?"

"मागून. कमरेत लागतेय."

काट्याने गाडी कडेला घेतली, जॅक लावला आणि खाली शिरला.

"खुणेला खूण तंतोतंत आहे गं," तो खालून म्हणाला.

"खूण कुणी केली?"

"मीच. आधी जसा बसलेला होता, तशी."

"आणि आधीच्यानेच चुकीचा बसवला असला तर? तुम्ही आपले त्याची चूक सांभाळत बसलाय!"

काटा पडल्या पडल्या हसला. मागच्या जोडाचे बोल्ट सोडून त्याने शाफ्ट अर्धा फेरा फिरवला आणि तसाच आवळला. फडक्याने खडू पुसून टाकला.

गाडी पुन्हा निघाली. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले. काटा "आली" ऐकायला कान देऊन होता. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत होत्या आणि इंजिन कुणीतरी दुसऱ्या खोलीत गुणगुणावं तसं वाजत होतं.

"काय गं, आहे का?"

त्याने वळून पाहिलं. तिची मान दाराकडे कलली होती, ओठ किंचित उघडे होते, उंचवट्यावरची बोटं सैल पडली होती. त्याने तिच्या छातीकडे पाहिलं. श्वास संथ चालला होता. बायको झोपली होती!

मग काटा चालवत राहिला. ब्रेकला पाय लावायची छाती होईना. कालवा संपला, तळं आलं. तळ्याला वळसा घालून रस्ता पुन्हा वर्कशॉपावरून जात होता. पाणी, झाडं, ऊन, पुन्हा पाणी. हा रस्ता संपूच नये, असं त्याला वाटत होतं. वर्कशॉपापाशी त्याने वेग अलगद उतरवला. फाटकात दातवाले दोन्ही हात वर करून उभे होते. काट्याने ओठांवर बोट ठेवलं. दातवाल्यांनी वाकून शेजारच्या सीटकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचं तोंड मिटलं आणि हातानेच खूण केली, जा, जा.

ऊन उतरेपर्यंत गाडी फिरत होती. शेवटी तळ्याकाठी इंजिनाने दोन आचके दिले आणि पेट्रोल संपलं. गाडी घरंगळत एका झाडाखाली थांबली. त्या शांततेने बायको दचकून जागी झाली. आधी तिने त्याच्या छातीकडे पाहिलं.

"माझा डोळा लागला होता?"

"हो."

"किती वेळ?"

"पेट्रोल संपेपर्यंत."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने त्याची बाही घट्ट धरली. "मग? काय झालं?"

"काही नाही झालं गं," काटा म्हणाला. "तू झोपलीस आणि काही झालं नाही. मी इथेच आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग रडली. काट्याने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"दातवाल्यांना फोन करा. पेट्रोल घेऊन या म्हणावं."

काट्याने खिशात हात घातला.

"आत्ताच नको," ती म्हणाली. शाल मानेपर्यंत ओढून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आपणहून डोळे मिटले.