वरच्या षड्जाआधी

वनमालाबाईंनी मार्टाच्या नऊवारीचा काष्टा मागे घट्ट खोचला आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दम खाल्ला. एवढी उंच पोरगी. तिला लुगडं नेसवायचं म्हणजे खांबाला नेसवण्यासारखंच होतं.

"बाई, सुटणार नाही ना?"

"तू पडशील एक वेळ, लुगडं नाही सुटणार. उभी राहा नीट."

मार्टा बुडापेस्टची. तिकडे ऑपेरात गायची, इथे वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर नाट्यसंगीत शिकायला आली होती. मुलुंडच्या नाट्यमंडळाच्या नंदकिशोरला तिच्याबद्दल कळलं आणि त्याचे डोळे चमकले. टीव्ही आल्यापासून मंडळाच्या प्रयोगांना काळं कुत्रं फिरकत नव्हतं. आज परदेशी नायिका म्हटल्यावर शाळेचं सभागृह भरलं होतं. संध्याकाळच्या टीव्हीवरच्या सिनेमाशी टक्कर नको म्हणून प्रयोग रविवारी दुपारीच ठेवला होता.

ही नायिका आजवर वनमालाबाईंची. "एवढ्या एकाच प्रयोगापुरतं, ताई. ती परत गेली की भूमिका तुमचीच," असं नंदकिशोरने सांगितलं होतं. तेवढ्या शब्दावर बाईंनी आपली सगळी पदं मार्टाला शिकवली. बँकेतून दमून यायचं, चहा टाकायचा आणि तंबोरा काढायचा. कधीकधी जीव नकोसा व्हायचा. पण ऑपेरात जसं लिहिलंय तसंच गायची तिला सवय. बाईंच्या तोंडून येईल ते ती जसंच्या तसं उचलायची. अशा पोरीवर रागवायचं तरी कसं?

तिसरी घंटा झाली. बाई विंगेत स्टुलावर टेकल्या. रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गनवर विद्याधर होता. पहिल्या प्रयोगापासून बाईंना त्याचीच साथ.

दुसऱ्या अंकातलं विरहाचं पद आलं. मार्टाचा आवाज मोकळा लागला होता. तान वर चढत गेली आणि वरच्या षड्जाआधी ती थांबली, डोळे मिटून. तेवढ्यात विद्याधरने ऑर्गनवर चार सूर टाकले. मग तिने षड्ज लावला.

हा थांबा त्यांनी शिकवलाच नव्हता. तिथे त्या श्वास घ्यायच्या. अलीकडे ती तान त्यांना एका दमात पेलत नसे. पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पोरीने तानेबरोबर तो थांबाही उचलला होता, गाण्यातली नजाकत समजून. आणि विद्याधरचा हात सवयीने तिथे धावला होता. म्हणजे इतके दिवस तो सांभाळून घेत होता!

"वन्स मोअर!" पुढच्या रांगेतले एक आजोबा ओरडले. "अगदी हुबेहूब वनमालाबाई!"

लाजेने बाईंचे कान तापले. मार्टाने विंगेकडे पाहिलं. राहू दे, बाईंना वाटलं, गाऊ दे तसंच. लोकांना तेच आवडलंय. पुढच्या प्रयोगात आपण थांबलो तर नावं कोण ठेवणार?

त्या उठून विंगेच्या कडेला आल्या.

"मध्ये थांबू नकोस," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "सरळ जा."

मार्टा जरा गोंधळली. पण पुन्हा ती तान आली तेव्हा ती सरळ गेली, एका दमात, आणि षड्जावर जाऊन स्थिरावली. विद्याधरची बोटं पट्ट्यांच्या वरच राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना हेवा वाटला. तरुणपणी आपण असंच गायचो हे आठवून डोळेही भरून आले.

पडदा पडल्यावर मार्टा धावतच आली.

"बाई, तो थांबा चूक होता?"

"चूक नव्हे गं. तो माझ्या वयाचा आहे. तुला पुष्कळ वेळ आहे त्याला."

नंदकिशोर घामाघूम होऊन आत आला. "ताई, फक्कड झालं! आता मार्चमध्ये डोंबिवलीला प्रयोग. ही तर जाईल तोवर, तेव्हा परत तुम्ही..."

"सखीचं काम करणाऱ्या लताला सोमवारपासून माझ्याकडे पाठव," मार्टाच्या अंबाड्यातल्या पिना काढत बाई म्हणाल्या. "गळा चांगला आहे तिचा. सख्यांच्या घोळक्यात फुकट चाललाय."

"अहो, पण ताई, भूमिका तुमची..."

"पाठव म्हटलं ना."

विद्याधर दारात येऊन उभा राहिला होता. बाईंनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "आणि तू रे, लताच्या गाण्यात मध्येच काही भरायचं नाहीस. माझ्यासाठी भरलंस तेवढं पुष्कळ झालं."

"बरं, ताई," विद्याधर म्हणाला.