सत्त्याण्णव मार्कांचं फ्रेंच

"आता जरा फ्रेंच बोलून दाखव ना," भगवानशेठ म्हणाले आणि दातात अडकलेली बर्फी जिभेने काढत सोफ्यावर मागे रेलले.

अंकिताला शिसारी आली. साडी नेसवून झाली होती, चालून दाखवून झालं होतं, केस खरे आहेत का ते मुलाच्या आईने वेणी ओढून तपासलं होतं. तेवढ्याने भागलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची दाखवतात तसं आता तिला बोलायला लावायचं होतं. त्याहून संताप पप्पांचा, महादेवांचा, आला. महादेव गेली तीन वर्षं सुकापुरातल्या आपल्या बिल्डिंगखाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरीनं कॉलेजात फ्रेंच घेतलाय. त्याचा काय लोनचा घालाचा?" आणि त्याच महादेवांनी बायोडेटात फ्रेंच ठळक अक्षरांत टाकलं होतं, उंची आणि रंग यांच्या मधोमध.

मुलाच्याही बायोडेटात ते होतंच. केतन, कोन गावातल्या भगवानशेठचा एकुलता एक, वडिलांचे डंपर तोच बघायचा. बारावी, फ्रेंच, शंभरपैकी सत्त्याण्णव. मार्क मिळतात म्हणून अर्धी पोरं मराठी सोडून फ्रेंच घेतात, उत्तरं घोकतात आणि पेपर संपला की विसरतात, हे अंकिताला ठाऊक होतं. तरी सत्त्याण्णव म्हणजे अगदीच काही शून्य नव्हे. तिची सगळी आशा त्या एका आकड्यावर होती.

कारण परवा एम.ए.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. यादीत तिचं नाव लागलं होतं. घरी तीनदा सांगून झालं होतं. दर वेळी पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली. आज सुपारी फुटली की विषय संपला.

"बोल गं पोरी, लाजू नको," महादेव म्हणाले.

ती उभी राहिली. कॉलेजात तिला फ्रेंच शिकवणाऱ्या जास्मीन मॅडम घोकंपट्टीवर फार चिडायच्या. तोंडी परीक्षेत 'माझं कुटुंब लहान आणि सुखी आहे' असं कोणी सुरू केलं की त्या हात वर करून थांबवायच्या. म्हणायच्या, "नव्या भाषेत खोटं बोलण्याइतके शब्द तुमच्याकडे नाहीत. मग तिथे तरी खरं बोला."

अंकिताने मुद्दाम पहिल्या पुस्तकातले, बारावीच्या पोराला यावेत असे सोपे शब्द निवडले. केतनकडे सरळ बघत ती सावकाश फ्रेंचमध्ये म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही. मला शिकायचं आहे. परवा शेवटचा दिवस आहे. तुला ही भाषा येते. कृपा करून तू नाही म्हण."

टाळ्या पडल्या. केतनच्या आईने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. "काय गोड बोलते!" म्हणत तिने तो व्हिडिओ तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

केतननेही टाळ्या वाजवल्या. घोकलेलेच सत्त्याण्णव निघाले तर, अंकिताच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर कसला राग?

मग रिवाजाप्रमाणे दोघांना बोलायला गॅलरीत धाडलं. केतन कठड्याला टेकला आणि खाली बघत म्हणाला, "तू काय बोललीस ते कळलं हां मला."

"सगळं?"

"सोपं तर होतं."

"मग नाही का म्हणाला नाहीस?"

"मी कशाला वाईट होऊ? पप्पांनी हॉल बघून ठेवलाय. टेन्शन नको घेऊ, लग्नानंतर सगळं अ‍ॅडजस्ट होतं." तो हसला. "पण प्रोनन्सिएशन एकदम मस्त आहे तुझं."

अंगावर पाल पडावी तशी ती मागे सरकली. त्या क्षणी तिला भगवानशेठ बरे वाटले, त्यांची बर्फीसुद्धा बरी वाटली. ती तशीच आत आली.

"मघाशी मी काय बोलले ते केतनला विचारा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "त्याला समजलंय."

सगळ्यांनी कौतुकाने केतनकडे पाहिलं. त्याने ओठावरचा घाम पुसला. एक शब्द खरा बोलायला त्याला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"ती म्हणाली," तो म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना भेटून आनंद झाला. आणि आपलं घर तिला आवडेल."

पुन्हा टाळ्या. "बघा, आमच्या पोराचे मार्क फुकट नाय गेले," त्याची आई म्हणाली.

टाळ्या थांबेपर्यंत अंकिता उभी राहिली.

"खोटं आहे," ती मराठीत म्हणाली. "मी म्हणाले, मला हे लग्न करायचं नाही. मला शिकायचंय, परवा शेवटचा दिवस आहे आणि केतन, तू नाही म्हण. तुमच्या मोबाइलमध्ये आहे सगळं. ज्याला फ्रेंच येतं अशा कुणालाही ऐकवा."

केतनच्या आईने मोबाइलकडे पाहिलं. ग्रुपवर अंगठे आणि बदाम अजून येतच होते. भगवानशेठ मुलाकडे बघत राहिले. केतन फरशीकडे.

"अंके, डोक्यावर परलीस काय?" महादेव ओरडले. "पावन्यांसमोर?"

वेणू, तिची आई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"मगाशी तू हेच बोललीस?" तिने लेकीला विचारलं.

"हो."

"मंग आमाला आदी का नाय सांगितलास?"

"सांगितलं होतं, आई," अंकिता म्हणाली. "तीनदा. मराठीत."

वेणू पुढे आली आणि पाहुण्यांच्या हातातले कप गोळा करू लागली. भगवानशेठच्या कपात अजून अर्धा चहा होता. तिने तोही उचलला.