मस्कतचा जावई

नातीचं एक वागणं जयवंतीबाईंना मुळीच खपत नसे. समोरचं माणूस बोलायला लागलं की ही पोर त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. फोन वर धरायची आणि फोनमधल्या तोंडाकडे बघायची. "अगे, मी इथं सबंध बसलेय ना," जयवंतीबाई म्हणायच्या, "मग त्या डबीतली मी कशाला बघतेस?" श्रीविद्या हसायची, आणि ते बोलणंही डबीत जायचं.

पेरुंगुडीच्या ऑफिसातून मांबळमला घरी आली की चपला काढायच्या आधी फोन काढायची. आजी सांबाराला फोडणी देतेय, काढा. आजी दूधवाल्याला झापतेय, काढा. जयवंतीबाईंचं शिक्षण म्हणाल तर अक्षरओळखीपुरतं, पण जीभ तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. श्रीविद्या ते सगळं नेटवर टाकायची, आणि ती जीभ ऐकून तिकडे पुण्या-कोल्हापूरकडची माणसं म्हणे वेडी होत.

"आजी, सगळे लिहितात, किती गोड बोलतेस तू!"

"गोड? मी काय केसरी शिरा आहे, वाटीत घालून खायला?"

तेही निघालं, आणि तेच सगळ्यांत जास्त बघितलं गेलं. जयवंतीबाईंनी फोन कधी हिसकावून घेतला नाही. आयुष्यभर ज्या बोलण्याला उंबऱ्याबाहेर कुणी विचारलं नव्हतं त्याला कुठे कुणी माना डोलावतंय, हे काही त्यांना अगदीच वाईट लागत नव्हतं.

कारण या घरात मराठी होती ती आडोशासाठी. रस्त्यावर तमिळ, दुकानात तमिळ, शेजारी तमिळ. पण भाजीवाल्यापुढे, डॉक्टरांपुढे, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्याही नाकासमोर या घरची माणसं आपसांत मराठीत खुशाल काहीही बोलत, आवाजही न उतरवता. नव्या सुनेला सासूनं पहिल्यांदा शिकवलं ते हेच. तोंडावरचं हसू हलू द्यायचं नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं आपलं कौतुकच चाललंय. जयवंतीबाईंना ही विद्या अशी साधली होती की पाहुणीला कॉफीचा डबरा-पेला हातात देता देता तिच्या सात पिढ्या काढाव्यात आणि पाहुणीनं खुशीत मान हलवावी.

आता जयवंतीबाईंच्या लेकीचं, वसंताचं सांगायला हवं, कारण झालं ते तिचं झालं.

वसंता शाळेत गणित शिकवायची. नवरा रंगा नोकरीसाठी सेलमला गेला आणि तिथं दुसरीच्या घरी राहिला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वसंता आईकडे आली ती गळ्यात त्याची ताळी, मंगळसूत्रच ते, तशीच ठेवून. शाळेत कुणीतरी विचारलं, मिस्टर कुठे असतात? तिच्या तोंडून निघून गेलं, मस्कतला. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग मस्कतला जावई जगवावा लागला. दिवाळीच्या सुमाराला वसंता गावातल्याच बर्मा बाजारात जाऊन परदेशी खजुरांचे डबे आणायची, अत्तराची एखादी बाटली आणायची, आणि शिक्षकांच्या खोलीत वाटायची. "त्यांनी पाठवलेत." मुख्याध्यापिकाबाई तोंडात खजूर टाकून म्हणायच्या, "नशीब काढलंस वसंता, लांब राहूनही आठवण ठेवतो." वसंता मान खाली घालून हसायची. त्या हसण्यावर तिचं शाळेतलं सगळं उभं होतं. लग्नाकार्यात तिला विड्याचा मान मिळायचा, सुवासिनींच्या रांगेत जागा मिळायची. घरात थोरांना खरं ठाऊक होतं, पोरांना मस्कतच सांगितलं होतं.

तंजावरला एका मुंजीला जाऊन तिघी दिवसाच्या गाडीनं एग्मोर स्टेशनला परत येत होत्या. वसंता खिडकीला डोकं टेकून झोपली होती. समोर कुंभकोणमला चढलेली एक बाई बसली होती, चौकशा करणारी. कुठून आलात, कुठे जाणार, ही झोपलीय ती मुलगी का, जावई काय करतात. आणि श्रीविद्येचा फोन नेहमीसारखा वर.

"मस्कतला असतात," जयवंतीबाईंनी तमिळमध्ये मधासारखं सांगितलं. "मोठी कंपनी आहे. सुट्टी मिळत नाही बिचाऱ्याला."

आणि तेच हसू तोंडावर ठेवून त्या नातीकडे वळल्या, आणि पोर आता कळती झालीय, तिच्यापासून काय लपवायचं, म्हणून मराठीत सुटल्या.

"मस्कत कसलं गे! सेलमला दुसरं बिऱ्हाड थाटून बसलाय मेला. तिथं पाळणासुद्धा हलला. आणि ही माझी खुळी त्याच्या नावाची ताळी घालून बर्मा बाजारातले खजूर वाटत हिंडते. त्या मेल्याला मस्कतची वाळू तरी मिळू दे, भर दुपारी, अनवाणी! आणि ही बया बघ कशी मान हलवतेय, उद्या आहेर घेऊन जाईल त्याला."

समोरची बाई खरंच मान हलवत होती. श्रीविद्या पोट धरून हसली. वसंता झोपली होती.

श्रीविद्येनं तो तुकडा गाडीतूनच नेटवर टाकला. तिला त्यातलं किती कळलं असेल? तिची मराठी म्हणजे आजीशी जेवणखाण बोलण्यापुरती. आजी मस्कतच्या काकांना लांब राहिल्याबद्दल शिव्या देतेय आणि समोरच्या बाईला पत्ता नाही, एवढं तिला कळलं, आणि तेवढ्यावर ती हसली. आपली भाषा इथं कुणाला कळते, हे तर ती आजीच्याच मांडीवर शिकली होती. ज्यांना कळते ते दूर महाराष्ट्रात. वसंताआत्याला ते कुठून ओळखणार?

पण महाराष्ट्रातली माणसं हल्ली महाराष्ट्रातच कुठे राहतात! ऋजुता नावाची एक तरुण बाई, नवरा मोटारींच्या कारखान्यात, मुलगा वसंताच्याच वर्गात. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली म्हणून ती जयवंतीबाईंचं सगळं आवडीनं बघायची. खिडकीशी झोपलेली वसंता मिस तिनं ओळखली. आजीबाई काहीतरी नक्कल करताहेत असंच त्या भल्या पोरीला वाटलं. तिनं तो तुकडा वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर पाठवला: 'ही आपल्या वसंता मिसची आई! किती गोड!'

बाकीचे पालक तमिळ. त्यांना एक अक्षर कळलं नसतं. पण फोनात हल्ली अशी सोय असते की एक बटण दाबलं की बोलणाऱ्याच्या पायाशी आपल्या भाषेत ओळी उमटतात. कुणीतरी दाबलं. सेलम उमटलं, दुसरं घर उमटलं, खजूर उमटले. जयवंतीबाईंचं हसू वर तसंच होतं.

ग्रुपवरून तो तुकडा शिक्षकांच्या खोलीतही पोचला, पण वसंताला कुणी सरळ काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि इंग्रजी शिकवणारी सत्यभामा मिस टोपण फिरवता फिरवता म्हणाली, "काय वसंता मिस, यंदा खजूर कधी येणार? आणायला जाणार असलात तर सांगा, मलाही बर्मा बाजारात थोडं काम आहे." दोघीतिघी डब्यात बघून हसल्या. मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत. त्या उठून वसंताच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. वसंताला तो हात जास्त लागला.

त्या संध्याकाळी ती घरी आली, पाय धुतले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला म्हणाली, तमिळमध्ये, "अम्मा, मी तो व्हिडिओ बघितला."

जयवंतीबाई तांदूळ निवडत होत्या. लेक त्यांना जन्मापासून आई म्हणत आलेली. अम्मा ती शेजारणीला म्हणायची, शाळेतल्या आयाला म्हणायची.

"कसला गे व्हिडिओ?" त्यांनी मराठीत विचारलं.

वसंतानं सांगितलं. सगळं तमिळमध्ये सांगितलं, वर्गात उदाहरण समजावून देते तसं. आवाज चढला नाही. जयवंतीबाईंचा मात्र चढला. "त्या कार्टीला येऊ दे! तिची ती डबी मी पाट्यावर ठेवून वाटते की नाही बघ!"

"फोन तिचा होता," वसंता म्हणाली. "तोंड तर तुमचंच होतं ना, अम्मा?"

तुमचं. जन्मभर तू म्हणणारी लेक आईला तुमचं म्हणाली. जयवंतीबाईंनी तांदळात बोटं खुपसली आणि निवडून झालेलेच पुन्हा निवडायला घेतले.

पुढचे काही दिवस त्यांनी लेकीला नाना परीनं बोलतं करून पाहिलं. तिच्या आवडीची, उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी केली. "वसू, मीठ बरोबर झालंय काय गे?" वसंता तमिळमध्ये म्हणाली, "बरोबर आहे." जुन्या माणसांच्या गमती काढल्या. वसंतानं ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "मला वह्या तपासायच्यात." श्रीविद्येचा बाप सेतुमाधव, वसंताचा धाकटा भाऊ, मध्ये पडला, "अक्का, किती दिवस असं?" त्याच्याशी ती मराठीत बोलली. तेव्हा जयवंतीबाईंना कळलं, भाषा विसरली नाही ती, फक्त आईपुरती बंद केलीय.

ताळी एक दिवस गळ्यात दिसली नाही. मग तिनं शाळा सोडली. गुम्मिडिपूंडीच्या बाजूला, कारखान्यांच्या वस्तीत एक शाळा होती, तिथं नोकरी धरली आणि तिथंच खोली घेतली. रोजचं जाणं-येणं झेपणार नाही, म्हणाली. सेतुमाधव रिक्षात सामान ठेवत होता. जयवंतीबाई दारात उभ्या होत्या. "शनिवारी येशील ना गे?" वसंता वाकून त्यांच्या पाया पडली. "पार्क्कलाम, अम्मा," म्हणाली. बघू. उधारी मागायला आलेल्याला म्हणतात तसं.

शनिवार आले आणि गेले. ती आली नाही.

श्रीविद्या या सगळ्या दिवसांत आजीसमोर आलीच नाही म्हटलं तरी चालेल. ऑफिसातून उशिरा यायची, ताट घेऊन खोलीत जायची. एका रविवारी सकाळी मात्र ती आली आणि आजीच्या पाटाशेजारी जमिनीवर बसली. डोळे सुजले होते. फोन हातात होता, पण उलटा धरलेला.

"आजी, मी तो पुसला. सगळेच पुसले. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलाय." तिनं नाक ओढलं. अर्धं मराठी, अर्धं तमिळ असं बोलत होती. "मला खरंच माहीत नव्हतं. मला अर्धंच कळलं होतं. मला वाटलं, तू नुसत्या शिव्या देतेस."

जयवंतीबाईंनी पाट थोडा मागे सरकवला.

"आजी, एक करू या? आपण अजून एकच व्हिडिओ करू. तू सांग की ते सगळं खोटं होतं, नाटक होतं, गाडीत वेळ जात नव्हता म्हणून केलं. काका मस्कतलाच आहेत असं म्हण. तुझं सगळे ऐकतात. आत्या परत येईल."

तिनं फोन हळूच सुलटा केला.

जयवंतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. तोंडावर या वेळी हसू नव्हतं. बोलल्या त्या मराठीत बोलल्या, सावकाश, एक एक शब्द पोरीला कळेल असा.

"ठेव तो खाली. हे बघ श्रीविद्या, तू पुसलंस ते तुझ्या डबीतलं. त्या शाळेतल्या बायकांच्या डोक्यातलं कसं पुसशील? तू दुष्ट नाहीस, मला ठाऊक आहे. दुष्ट असतीस तर तुझ्यापुढं मी तोंडच उघडलं नसतं. घरातली म्हणून बोलले. तुला जे कळलं नाही ते तू गावभर वाटलंस, आणि कळलं का नाही म्हणून मला विचारलंसुद्धा नाहीस. आता माझी लेक मला अम्मा म्हणते, पाव्हण्यासारखी बोलते, आणि वर मी तुझ्यासाठी अजून एक खोटं बोलायचं? नाही. माझं ठरलंय. तुला जेवण मिळेल, कॉफी मिळेल, ताप आला तर उशाशी बसेन. पण आपली भाषा मी तुझ्याशी बोलणार नाही. आजपासून मला आजी नको, तमिळ पोरं आपल्या आजीला म्हणतात तसं पाटी म्हण, आणि काय हवं ते तमिळमध्ये माग."